तळं साफ होईपर्यंत

मागच्या अंगणातलं आमचं तळं जेमतेम चार खाटा मावतील एवढं, पण त्यानं माझ्या नाकी नऊ आणले होते. बाबा शाळेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ते खणलं. विज्ञानाचे मास्तर, कुणाला तरी शिकवल्याशिवाय त्यांना चैन कुठली पडायला! आणि घरात शिकायला मी एकटीच.

दुसऱ्या शहरातून मला पत्र आलं होतं. नकाशे काढायची कचेरी, एक्केचाळिसाव्या वर्षी पहिली पक्की नोकरी, स्वतःची खोली. मला वाटलं बाबा मोडता घालतील. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला.

"खुशाल जा. फक्त तळ्यातलं तण काढून जा. माझ्यानं ते व्हायचं नाही."

ते तण मोठं चिवट. बोटभर तुकडा राहिला तरी त्याला मुळं फुटतात. म्हणून तोडायचं नाही, दाताळ्यानं बुडापासून हळूच ओढायचं. काढलेला ढीग एक रात्र काठावरच ठेवायचा, म्हणजे त्यातल्या गोगलगायी आणि किडे सरपटत पाण्यात परत जातात. हा बाबांचा नियम. मी तो निमूटपणे पाळला. आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न!

"तू तोडतेस," बाबा खुर्चीतून म्हणायचे. "लहानपणापासून तुला घाई."

मीही अशी भोळसट, की मला ते पटायचं. मांडीभर पाण्यात उभी राहून मी माझीच चूक शोधायचे. कचेरीत फोन करून दोनदा मुदत मागितली. पहिल्यांदा तिथल्या बाई गोड बोलल्या, दुसऱ्यांदा नुसतं "बरं" म्हणाल्या.

तिसऱ्यांदा तळं लख्ख केलं. आता परवा निघायचंच, असं ठरवूनच झोपले. सकाळी दोरीवरचा टॉवेल घ्यायला मागे गेले, तर बाबा काठावर उकिडवे बसलेले. बाह्या कोपरापर्यंत वर. ढिगातली चांगली मुळं असलेली काडी निवडायची, पाण्यात हात घालून चिखलात खोचायची, वीतभर अंतर सोडून पुढची. फेकत नव्हते ते, लावत होते.

त्यांनी मला पाहिलं. हात पाण्यातच होता.

"बघ, मुळं राहिली होती," ते म्हणाले. चोराच्या उलट्या बोंबा! पण आवाज इतका बारीक, की मला ओरडताही येईना.

मी तडक आत गेले आणि फोन लावला. "परवा हजर होईन," एवढंच सांगायचं होतं. बाईंनी उचलला, आणि माझ्या तोंडून निघालं, "अजून आठच दिवस मिळतील का?"

"नाही हो. आता आम्ही दुसऱ्या कुणाला तरी घेतो."

फोन ठेवला. रडू यायला हवं होतं. आलं नाही. उलट मला चक्क हायसं वाटलं. बाबांचा राग मला आजही येतो, पण त्या हायसं वाटण्याचा त्याहून जास्त येतो.