हेडमास्तरांनी पक्ष बदलला

तिची नजर अधू होत चालली होती, आणि हे घरी नवऱ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. ऑफिसात कळलं तर प्रोग्रॅमरचं काम हातचं जाईल, या धास्तीने तिने तोंडाला कुलूप लावलं होतं. अक्षरं ती एवढी मोठी करायची की स्क्रीनवर दोन-चार शब्द मावायचे. त्यात ओळ आत सरकवायची ती स्पेस देऊनच, असा नियम. अक्षरांबरोबर स्पेसही फुगायच्या आणि कोड स्क्रीनबाहेर पळायचा. त्याऐवजी टॅबची कळ दाबूनही ओळ आत सरकते, आणि टॅबची रुंदी जो तो आपल्या स्क्रीनपुरती कमी करू शकतो. पण टॅबला बंदी होती.

बंदी घातली टीमच्या प्रमुखांनी. टॅब दिसला की छडी उगारल्यासारखे यायचे, म्हणून सगळे त्यांना मागून हेडमास्तर म्हणत. टॅबसाठी हट्टाने भांडणाऱ्या एका सहकाऱ्याला, टॅबशेठला, त्यांनी भर मीटिंगमध्ये गप्प केलं होतं.

मग ती गुपचूप फाइल टॅबमध्ये बदलून काम करायची आणि पाठवताना परत स्पेस करायची. एकदा ते करायचं राहिलं. दुरुस्ती एका ओळीची, पण स्पेसच्या जागी टॅब आल्याने अख्खी फाइल बदललेली दिसली. हेडमास्तर तणतणत तिच्या टेबलाशी आले, आणि स्क्रीनवरची ती भलीमोठी अक्षरं बघून त्यांचा आवाज खाली आला.

"कधीपासून?"

"वर्ष झालं. पण काम होतं माझं, सर."

"होतं ते मला दिसतंय. माझ्या नियमामुळे ते तुला दुप्पट पडतं." ते खुर्ची ओढून बसले. "कुणाला सांगणार नाही मी."

पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतः सगळा कोड टॅबवर आणला. कोणती ओळ शेवटी कुणी बदलली याची नोंद राहते, त्यामुळे आता जुन्या प्रत्येक ओळीपुढे त्यांचंच नाव दिसू लागलं, आणि कुणाचंही काही बिघडलं की लोक आधी त्यांच्याकडे धावू लागले. तिला भरून आलं. एवढं तिच्यासाठी कधी कुणी केलं नव्हतं.

मीटिंगमध्ये टॅबशेठने संधी साधली. "काय सर, म्हातारपणी पक्ष बदलला?"

"चुकलं होतं माझं," एवढंच ते म्हणाले. सगळे हसले. तेही ओशाळं हसले.

तिला ते बघवेना. ती उभी राहिली. "माझ्यासाठी बदलला त्यांनी. मला कमी दिसतं."

हसणं थांबलं. ती खाली बसली नाही.

"मी आपला नुसता हट्टाने भांडत होतो," टॅबशेठ म्हणाला. "तू सांगितलं असतंस, तर जिंकेपर्यंत भांडलो असतो."