चौथी बाजू

वडिलांच्या दफनानंतरच्या जेवणाला त्यांची आवडती रेकॉर्ड लावायची, एवढं एकच काम व्हर्नेलनं मागून घेतलं होतं. डेट्रॉइटच्या त्या चर्चच्या तळघरात तळलेल्या कोंबडीचा वास भरला होता. कोपऱ्यात वडिलांचा, क्लीओफसचा, जुना प्लेअर आणि दोन रेकॉर्डींचा सोल गाण्यांचा अल्बम. गाण्यांतून सांगितलेली एका संसाराची गोष्ट. पहिली बाजू, प्रेम आणि लग्न, संपली. तिनं रेकॉर्ड उलटली.

"अगं थांब!" अर्नेस्टीन आत्या ताट घेऊनच धावली. "ती चौथी बाजू. शेवट तो! आता दुसरी रेकॉर्ड लाव."

"बाबा असंच उलटायचे."

"मग चुकीचंच ऐकलंत जन्मभर. आमच्या प्लेअरवर रेकॉर्डींची चळत लावायची. एक संपली की वरची आपोआप खाली पडायची. मग अख्खी चळत उलटायची. म्हणून पहिलीच्या पाठीवर चौथी. लेबल बघ की!"

लेबलवर चार होतं. व्हर्नेलनं ते कधी वाचलंच नव्हतं. त्यांच्या घरी आधी ही रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी वाजायची, मग दुसरी; त्यामुळे गोष्ट संपायची ती तिसऱ्या बाजूच्या भांडणांवर, आणि दार आपटून निघून जाणाऱ्या बाईवर. आई घर सोडून गेली तेव्हा शाळकरी व्हर्नेलला त्यात नवल वाटलं नव्हतं.

"म्हणजे ती बाई शेवटी परत येते?"

"येते तर! तुझ्या बापाला ठाऊक होतं. माझ्याकडेच ऐकला त्यानं हा अल्बम पहिल्यांदा. रडला होता, गाढव."

"मग घरी असं का लावायचे?"

"आळशी होता. एक बाजू झाली की लगेच दुसरी पाकिटातून कोण काढणार!" आत्या हसली, आणि मध्येच थांबली.

"आई जायच्या आधीही असंच?"

"ते मला काय माहीत, पोरी? मी का तुमच्यात राहायचे?"

व्हर्नेलनं आठवून पाहिलं. प्लेअरवर वाकलेली बाबांची पाठ दिसली. स्वयंपाकघरात आई गुणगुणत होती, पण काय, ते ऐकू येईना.

"गाणं कुठे गेलं?" रूझवेल्टकाका ओरडले. "क्लीओ उठून बसेल हं आता!"

सगळे हसले. तिनं चौथ्या बाजूवरच सुई टेकवली. बाई घरी परतली. दोन म्हातारी जोडपी खुर्च्या सारून नाचायला उठली. व्हर्नेल दुसरी रेकॉर्ड हातात धरून उभी राहिली. ही संपली की ती लावायची का, हे तिला काही केल्या ठरवता येईना.