घाबरट शिडीचा शेवट

घर्रर्र… खण्! पातेल्यावरच्या झाकणीवर ठेवलेला फोन थरथरला आणि झाकणीने सकाळची शांतता पार उधळून लावली. फोन तिथे ठेवायची अक्कल माझीच. पुस्तकाजवळ ठेवला तर मी अभ्यास सोडून त्यात गोष्ट लिहीत बसते, आणि आतल्या खोलीत ठेवला तर भिंगरी उठते.

भिंगरी म्हणजे माझी चार वर्षांची लेक. तिचं खरं नाव फक्त बालवाडीच्या बाईंना आठवतं.

फोनवर मुलांच्या मासिकाच्या संपादक बाई होत्या.

"झोपमोड नाही ना केली?"

"छे हो, अभ्यास करत होते."

"मुलीचा?"

"माझा. आज मेकॅनिक्सचा पेपर आहे."

"अरे वा," त्या म्हणाल्या, आणि लगेच मुद्द्यावर आल्या. "तुमची घाबरट शिडी मला फार आवडलीये. या अंकात घेतेय."

मी ओट्याला धरून उभी राहिले. ओरडावंसं वाटत होतं, पण भिंगरी झोपलेली. मग नुसतीच चवड्यांवर उड्या मारल्या, आवाज न करता.

"फक्त शेवट बदला," बाई म्हणाल्या. "उंचीला घाबरणारी शिडी शेवटी एकदम शूर होते, हे काही पटत नाही. फळ्यावरच्या सुविचारासारखं झालंय. पानं आज संध्याकाळी छापायला जाणार. तोवर दिलात तर तुमची शिडी, नाहीतर पुढे कधीतरी बघू."

पुढे कधीतरी! हे दोन शब्द मला पाठ आहेत. लग्नानंतर अर्धं सुटलेलं कॉलेजही असंच 'पुढे कधीतरी'मध्ये पडून होतं. गेल्या वर्षी ते उचलून आणलं, तेव्हा कुठे दुसऱ्या वर्षाला बसले.

"देते," मी म्हणाले. कसा देणार, देव जाणे.

ही शिडी मुळात अभ्यासातूनच आलेली. दुपारी भिंगरीला थोपटत मी मांडीवर पुस्तक घेऊन गणितं करायची. एका गणितात भिंतीला टेकलेली शिडी होती आणि तिच्यावर एक रंगारी चढत होता. भिंगरीने डोळे किलकिले करून चित्र पाहिलं आणि विचारलं, "एवढी उंच आहे, शिडी घाबरत नाही?" झालं! त्या दुपारपासून शिडी डोळे मिटून उभी राहू लागली, रंगाऱ्याला "हळू रे बाबा" म्हणू लागली. रोज दुपारी भिंगरीला तीच गोष्ट हवी असायची. ती झोपली की तिच्या डोक्याखाली अडकलेल्या हाताला मुंग्या येईपर्यंत मी दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फोनवर लिहायची.

सासूबाई बाहेर आल्या तेव्हा मी कपाटासमोर स्टुलावर चढलेली. कॅल्क्युलेटर भिंगरीच्या हाताला लागू नये म्हणून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलेला असतो.

"पडशील गं," म्हणत त्यांनी स्टूल दोन्ही हातांनी धरलं. मी वरूनच सगळं सांगितलं. घेतली, छापणार, पण शेवट हवा, आणि तोही आजच!

"छापणार?" त्या स्टूल धरूनच हसायला लागल्या, तसं स्टूलही हलायला लागलं. "आणि पेपर?"

"दोन्ही करते, आई."

"दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याचं काय होतं, माहितीये ना?"

"काय होतं?"

"पाय लांब होतात. ऊठसूट स्टूल लागत नाही मग."

मी कॅल्क्युलेटर काढताना त्याच फळीवरून एक पिवळी टोपी खाली पडली. सासूबाईंची, पोहायची. त्यांनी मोठ्या हौसेने पोहण्याच्या वर्गात नाव घातलं होतं. पण वर्ग आणि माझं कॉलेज एकाच वेळी, भिंगरीजवळ कुणीतरी हवं, म्हणून टोपी वर गेली ती तिथेच राहिली. तेवढ्यात भिंगरी उठून आली, टोपी डोक्यावर चढवली आणि जाहीर केलं, "मी रंगारी!"

"रंगारी बाई, दात घासा," सासूबाई म्हणाल्या आणि तिला मोरीकडे घेऊन गेल्या.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. तो कामावर निघता निघता म्हणाला, "शिडीला इतकं घाबरायचं काय कारण? आमच्यात ये म्हणावं. बटण दाबायचं, वर जायचं."

"आणि लिफ्ट मध्येच अडकली की?"

"तेव्हा मी शिडी लावतो," तो म्हणाला आणि डबा उचलून पळाला.

परीक्षेच्या हॉलमध्ये मी प्रश्नपत्रिका उलटली आणि मला हसूच फुटलं. चौथ्या प्रश्नात शिडी उभी होती! तीच, भिंतीला टेकलेली, आणि रंगारी अर्ध्यावर. भिंत गुळगुळीत, जमीन खडबडीत. शिडी न घसरण्यासाठी लागणारं घर्षण काढा.

मी बाण काढायला लागले. वजनाचे खाली, जमिनीचा वर, भिंतीचा आडवा. आणि तो आडवा बाण काढताना पेन थांबलं. ज्या भिंतीवर शिडी एवढी भरवशाने रेललेली असते, ती गुळगुळीत भिंत तिला धरतच नाही. उलट मागे लोटते. तिला जे काही धरून ठेवतं ते खाली असतं, पायाशी, वर चढणाऱ्याला दिसतही नाही असं.

शिडीने शूर व्हायचंच नाही! तिने घाबरतच उभं राहायचं, फक्त खाली कुणीतरी धरलंय एवढं तिला कळायला हवं.

उत्तरपत्रिकेचं शेवटचं पान कच्च्या कामासाठी असतं. ते उघडून मी लिहीत सुटले. एकही शब्द खोडावा लागला नाही. असं माझ्या बाबतीत कधी होत नाही. पान भरलं तेव्हा भानावर आले आणि गणितांकडे धावले. शेवटचा प्रश्न अर्धा राहिला, पण पास होण्याइतकं झालं होतं. बहुतेक. घंटा वाजली आणि पर्यवेक्षक बाईंनी माझी उत्तरपत्रिका उचलून गठ्ठ्यावर ठेवली.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"बाई! माझं शेवटचं पान!"

"काय झालं त्याला?"

"ते मला परत हवंय. उत्तर नाही हो त्यावर, गोष्ट आहे."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "कसली गोष्ट?"

"शिडीची. आज संध्याकाळी छापायला जायचीय."

"लोक कागद आत आणतात म्हणून आम्ही झडती घेतो," त्या म्हणाल्या. "बाहेर न्यायचाय म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या. पान फाडलं तर पेपर रद्द होईल, बाळा."

"नुसतं बघू द्या. एकदाच."

"पेपर जमा झाला की कुणालाच दाखवता येत नाही." पण त्यांनी स्वतः पान उलटलं. त्यांचे ओठ जरा वेळ हलत राहिले. मग उत्तरपत्रिका मिटून त्यांनी गठ्ठ्यावर दोरी आवळली. "छान आहे. तपासणाऱ्याचा दिवस बरा जाईल. जा आता, विसरायच्या आत घर गाठा."

मी पळाले. रस्त्याने शेवट घोकत होते, आणि सिग्नलपाशी एका रिक्षावाल्याने "अहो ताई, मरायचंय का?" म्हणून जे झापलं, त्यात निम्मी वाक्यं गेली. उरलेली जिना चढताना गळाली. दार उघडलं तेव्हा हातात एवढंच होतं: शिडी, घाबरणं, खाली काहीतरी.

आत भिंगरी पिवळी टोपी घालून पलंगावर बसलेली. शेजारी सासूबाई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"झोपेना गं ही. म्हणे, गोष्ट आईचीच हवी. कसा गेला पेपर?"

"पेपर गेला बरा, आई. शेवटही जमला होता, पण तोही पेपरातच गेला!" मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

सासूबाईंनी हातातला शर्ट घडी करून बाजूला ठेवला. मग त्या म्हणाल्या, "कागदावरचा गेला ना? मग हिला सांग. हिला सांगतेस ते तू कधी विसरत नाहीस."

मी चपला काढल्या आणि भिंगरीशेजारी पडले. सांगायला लागले. रंगारी चढला, शिडीने डोळे मिटले, तिचे पाय लटपटले…

"मग ती शूर झाली," भिंगरीने जुना शेवट लावला.

"नाही झाली. घाबरलेलीच राहिली. पण तिला खाली काहीतरी जाणवलं. जमिनीने तिचे पाय घट्ट धरले होते."

"जमिनीला हात कुठे असतात?" भिंगरी उठून बसली. "आजीने धरले! स्टूल धरते तसे!"

माझ्या तोंडून पुढचं वाक्य आपसूक आलं, त्याच्या मागून दुसरं. सकाळच्या पानावर जमीन होती, आता तिथे एक आजी आली, आणि पान एकदम जिवंत झालं. शिडीने एक डोळा उघडून खाली पाहिलं. आजी म्हणाली, "तू घाबर खुशाल. मी आहे." मी बोलत होते आणि अंगठा फोनवर पळत होता. सासूबाई घड्या घालायच्या विसरून ऐकत होत्या.

पाठवलं. फोन पुन्हा झाकणीवर ठेवला आणि आम्ही तिघी त्याच्याभोवती उभ्या राहिलो, दूध उतू जाईल म्हणून राहतात तशा.

खण्! झाकणी वाजली.

"आता पटलं," संपादक बाईंनी लिहिलं होतं. "आजी मस्त. पान लावतेय."

या वेळी मी ओरडले! सासूबाईंना धरून गरागरा फिरवलं. "अगं सोड, चक्कर येतेय मला," म्हणत त्याही फिरल्या. भिंगरी मध्येच घुसली, टोपी डोळ्यांवर आली तरी गोल गोल फिरत राहिली.

मग ती एकदम थांबली. टोपी वर सरकवून तिने आधी आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई, सगळे शिडीवरून वर जातात," ती म्हणाली. "मग आजी शिडीवर कधी चढणार?"