हाशमची पिशवी

साबेराच्या हिरड्यांतून रक्त थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी प्लेटलेट द्यायच्या ठरवल्या. साल एकोणीसशे नव्वद, जळगावचा मे महिना. तिच्या हाडांतल्या मगजात रक्त तयार होणंच बंद पडलं होतं.

रक्तपेढीत तोताराम तंत्रज्ञ होता. साबेराशी लग्न ठरलेल्या हाशमनं सोमवारी रक्त दिलं. तोतारामनं पिशवी यंत्रात आधी हळू, मग जोरात फिरवली आणि तळाशी बसलेल्या प्लेटलेट वेगळ्या केल्या. पुस्तकात लिहिलं होतं, खोलीच्या तापमानाला ठेवा. पण खोलीत एक्केचाळीस अंश होते. रक्त थंडच ठेवायचं असतं, या सवयीनं त्यानं पिशवी फ्रिजमध्ये ठेवली. मंगळवारी ती साबेराला चढवली. बुधवारी तपासलं, तर प्लेटलेटचा आकडा होता तिथंच.

तोतारामनं मुंबईला आपल्या जुन्या सरांना ट्रंक कॉल लावला.

"फ्रिजमध्ये?" सर म्हणाले. "अरे, गारठलेल्या प्लेटलेट शरीरात टिकत नाहीत. बावीस अंश हवेत. आणि सारख्या हलवत ठेव."

त्याच दिवशी साबेराचा भाऊ अन्वर यानं रक्त दिलं. एक्सरेच्या खोलीत तेवढा एसी होता. हलवायचं यंत्र नव्हतं, म्हणून अन्वर स्वतः पिशवी ठेवलेला ट्रे मांडीवर घेऊन बसला. तो शिंपी होता, हात हलका होता. दुपारपासून संध्याकाळपर्यंत तो ट्रे हलवत राहिला. पिशवी चढवली आणि दुसऱ्या दिवशी रक्त थांबलं. साबेरानं आईच्या हातची खिचडी खाल्ली, खूप बोलली.

सहा दिवसांनी, पुढचा दाता मिळायच्या आत, तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. साबेरा गेली.

चौथ्या दिवशी तोताराम त्यांच्या घरी गेला. अन्वरला बाजूला घेऊन म्हणाला, "पहिली पिशवी माझ्यामुळे वाया गेली. मी ती फ्रिजमध्ये ठेवली होती."

 अन्वरनं विचारलं, "नाहीतर वाचली असती?"

"नसती. आजारच तसा होता. पण ते दोन दिवस तिला रक्त थुंकावं लागलं नसतं."

"तेव्हा तिला बोलता येत नव्हतं," अन्वर म्हणाला. "अम्मी सारखी विचारायची, काय पाहिजे, काय पाहिजे." त्यानं दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "भाऊ, ती पिशवी हाशमची होती. त्याला सांगू नका. आपलं रक्त साबेराच्या अंगात गेलं, कामी आलं, एवढ्यावरच तो उभा आहे."

बाहेर हाशम ओट्यावर बसला होता. तोतारामला पाहून उठला. दोन्ही हातांनी त्याचा हात धरला.

"भाऊ, माझं रक्त चांगलं होतं ना?"

"चांगलं होतं," तोताराम म्हणाला.

ते खरंच होतं. हाशमनं हात सोडला नाही. तोताराम उन्हात तसाच उभा राहिला.