आयत्या पिठावरची बोटं

नवऱ्याचं नाव बायकोनं घेऊ नये म्हणतात. मी घेते. महिपती. घेतलं की, काय आभाळ कोसळलं?

तर हा महिपती बिजवर. पहिली बायको मथुरा दुष्काळात गेली, मागं गोजर नावाची पोरगी ठेवून. मी विजयमाला, केम गावची, बाप नसलेली, म्हणून मला बिजवराला दिली. लग्नात सासूनं, अंबुबाईनं, माझ्या गळ्यात आधी सवतीचा टाक बांधला. चांदीचा पातळ पत्रा, त्यावर बाईचं चित्र ठोकलेलं. मेलेल्या सवतीनं दुसरीला धरू नये म्हणून आमच्यात हा घालतात. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, गोडधोड आधी टाकाला दाखवायचं, मग आपण. मेली तरी थोरली तीच. मी म्हटलं, असू द्या. जिवंत सवतीपरास पत्र्याची बरी, तोंड तरी चालवत न्हाय.

सात रस्त्याच्या चौकामागं एका बोळात आमची खोली. महिपती आडतीवर हमाली करायचा, सासू गुडघे धरून दारात बसायची. दुष्काळ सरला होता, तरी रेशनवर अजून ती परदेशातली लाल ज्वारी, मिलोच. त्याची भाकरी बघितली की गोजर तोंड फिरवायची. पाच वर्षांची पोर, पण हात बघावेत तर काटक्या. आई गेल्यापासनं तिचं खाणंच तुटलं होतं. नळावरच्या बाया माझ्या देखत म्हणायच्या, "सावत्र ती सावत्र." मला असा संताप यायचा! रात्री ही पोर माझ्या कुशीत शिरून झोपायची, आणि माझ्याच हातात ती वाळून चालली होती. ती गेली तर मी कुठल्या तोंडानं जगणार, एवढं एकच भ्या माझ्या मनात बसलं होतं.

बोळाच्या तोंडाला हुसेनसाबची बेकरी. एकदा गोजरला कडेवर घेऊन पाव आणायला गेले. हुसेनसाबनं पोरीकडं बघितलं आणि म्हणाले, "बेटी, पाव कायको लेती? पीठच घेऊन जा की. खमीर चढलेलं हाय, एकदम आयतं. थाळीला तेल लाव, पीठ पसर, उन्हात फुगायला ठेव. वरून कांदा, मीठ. मग शेगडीवर थाळी, वर दुसरी थाळी, तिच्यावर निखारे. बस, हो गया!" आत भट्टीजवळ एक बाई तोंडावर पदर घेऊन परातीत पीठ तिंबत होती. ती थांबली. मला वाटलं, पोरीचे हाल बघून थांबली असंल.

पिठाचा गोळा घरी आणला तर सासू म्हणाली, "आयत्या घरात आली, आयतं पीठ आणती. आयत्या पिठावर रेघोट्या वढायला काय जातंय!" पीठ थाळीत पसरलं, हातानं गुळगुळीत केलं, मागच्या खिडकीत उन्हात ठेवलं, वर ओलं फडकं टाकलं, तेलाची वाटी शेजारीच राहिली. खिडकीला गज, पलीकडं रिकामा बोळ. गोजरला घेऊन मी नळावर गेले.

परत येऊन फडकं उचललं, आणि हातातली घागर जाग्यावर ठेवली. पिठावर बोटं दाबलेली. खोल खोल खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्यात तेल साठलेलं.

सासूला विचारलं. ती म्हणाली, "मला उठवतंय व्हय खिडकीपातूर?" खरंच होतं ते. तसंच भाजलं. झाकण काढलं तसा कांद्याचा वास सुटला, आणि गोजर पुढं येऊन बघाय लागली. म्हणाली, "आईची भाकर." मग खाल्ली. एक तुकडा, दुसरा तुकडा, बोटं चाटूनपुसून. मी शेगडीकडं तोंड करून रडले.

सासू काठी टेकत आली आणि थाळीवर वाकली. एका हाताची चार बोटं सरळ वळीत उठलेली. दुसऱ्या हाताची तीन, मधी एक जागा मोकळी. म्हातारीचं तोंडच उतरलं. "मथुरेचा हात," म्हणाली. "दुष्काळी कामावर खडी फोडताना हातोडीखाली मधलं बोट गेलं तिचं. पोरीसाठी भाकरीवर अशीच बोटं दाबून तेल सोडायची, बाई!"

माझ्या छातीवरचा टाक एकदम गार लागला. खोटं न्हाय सांगत.

संध्याकाळी महिपती जेवायला बसला. उरलेला तुकडा हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि लांब फेकला. "हे पुन्हा घरात करायचं न्हाय," एवढंच बोलला. त्या रात्री तो बाहेर ओट्यावर झोपला. मला नवल वाटलं. बायको आठवली तर माणूस रडंल, उसासा टाकंल. हा भ्याला होता.

मी पीठ आणायचं थांबवलं, तर गोजर पुन्हा उपाशी. मिलोची भाकरी पुढं केली की म्हणायची, "आईची दे." आता काय करावं? भूत नको म्हणावं तर पोर मरती, पोर जगवावी तर भूत घरात येतंय. मी पुन्हा पीठ आणलं. आधी टाकाला दाखवलं, हळदकुंकू लावलं, हात जोडले. पुन्हा तीच बोटं. तिसऱ्या खेपेला मी टाकाशी भांडलेच. "अगं बाई, तुझी पोर मी सांभाळते की! तुझं घर झाडते, तुझ्या सासूचे गुडघे चोळते. अजून काय पायजे तुला?" टाक काय बोलतोय! पण एकटी असले की पाठीवर कुणाची तरी नजर असल्यागत वाटायचं. खिडकीकडं पाठ करून बसायची मला चोरी झाली.

पोर मात्र भरत चालली होती. गालावर रंग आला होता. ते बघून महिपती खूश व्हायचं सोडून आणखी काळवंडला. एक दिवस विटा घेऊन आला. "उद्या ही खिडकी बुजवतो," म्हणाला.

खिडकी बुजली की बोटं बंद, बोटं बंद की पोरीचं खाणं बंद. म्हटलं, विजयमाला, भूत असो की कुणी असो, आज समोरासमोर होऊन जाऊ दे.

सकाळी गोजरला शेजारणीबरोबर नळावर धाडलं. थाळी खिडकीत ठेवली आणि धान्याच्या पिपामागं जाऊन बसले. देवाचं नाव घेत होते, पण कुठल्या देवाचं ते आठवत न्हाय. मग गजातनं हात आत आला. फडकं बाजूला सारलं. बोटं तेलात बुडवली. तीन बोटं. माझी दातखीळ बसायची वेळ आली.

पण डोळे उघडेच होते ना! नखात पीठ होतं. मनगटावर भाजल्याचा ताजा डाग होता. आता सांगा, भुताला भट्टीचा चटका कशाला बसंल? मी उठले आणि ते मनगट धरलं. हाताला ऊन-ऊन लागलं. आतली नाडी टकटक उडत होती. गजाला तोंड लावून मी आधी खाली तिचे पाय बघितले. उलटे न्हवते, सरळ होते. पायात जोडवी होती.

"सोड गं," ती म्हणाली. "पोरीचं फुगलेलं पीठ बसंल."

बेकरीतली ती पदरवाली बाई. मथुरा.

गजातनंच तिनं सांगितलं. "मला पटकी झाली. दवाखान्याच्या व्हरांड्यात टाकून त्यो म्हणाला, पाणी आणतो. त्यो अजून पाणीच आणतोय. मी जगले. गावाकडं गेले तर घराला कुलूप. हितं हुसेनसाबनं भट्टीवर ठेवली. मग तू आलीस, कडेवर माझी गोजर. मी धावतच येणार होते. तर तुझ्या गळ्यात टाक दिसला. कुणी मेल्याबिगर टाक घालत्यात व्हय? मला कळलं, मी मेलेली हाय. मेलेल्या बाईनं दारातनं कसं यायचं, सांग की."

जिवंत बाईचा टाक मी गळ्यात घालून फिरत होते, रोज हळदकुंकू लावत होते. पोर हवी, आणि पोरीची आई नको, असंबी क्षणभर मनात आलं. का खोटं बोलू? मग गोजरचे ते हात आठवले. म्हटलं, "अक्का, बोळातनं फिरून या. दार उघडंच हाय."

दारात सासूनं तिला बघितलं आणि किंचाळली. मग तिचं तोंड चाचपलं, हात चाचपला, बोट नसलेली जागा चाचपली, आणि कपाळ बडवून घेतलं. तेवढ्यात नळावरनं गोजर आली. तिनं काय विचारलंच न्हाय. कळशी टाकली आणि आईच्या पोटाला जाऊन चिकटली.

दवाखान्यातली, पाण्याची सगळी गोष्ट अक्कानं सासूलाबी सांगितली. दुपारच्याला उरलेला गोळा पसरला. अर्ध्या थाळीवर अक्काची बोटं, अर्ध्या थाळीवर माझी.

दिवस मावळता महिपती आला. थाळी मधे, अक्का शेगडीजवळ, गोजर तिच्या मांडीवर झोपलेली. तो उंबऱ्यातच खिळला. त्यानं तोंडाकडं बघितलंच न्हाय. आधी तिचे पाय बघितले.

"सरळच हायत," मी म्हटलं. "नीट बघा." मग गळ्यातला टाक सोडला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. "आणि ह्यो आता कुणाच्या नावानं घालू, तेवढं सांगा."

तो मटकन खाली बसला. ओठ चाटले. म्हणाला, "पाणी."

"पाणी?" म्हातारी म्हणाली. "ते तर तूच आणायला गेलतास की रं."

अक्का उठली न्हाय. मीबी उठले न्हाय.