दहा जोड्यांचा फळा

मी एक जुना फळा आहे. आधी शाळेत तिसरीच्या वर्गात होतो. कडेची पट्टी निखळली, तेव्हा गुरुजींनी मला ग्रामपंचायतीला देऊन टाकलं. नांदूरघाटाकडच्या आमच्या गावात टाकाऊ वस्तूला तिथंच जागा मिळते.

मित्रांनो, पाढे अंगावर वागवून मी थकलो होतो. पण ग्रामसेविका सुरेखा मॅडमनी मला पुन्हा कामाला जुंपलं. गावाची पाच कामं त्यांनी माझ्यावर उभी लिहिली, तीच आडवी लिहिली. मग दोन-दोन कामांची जोडी लावून गावाला विचारायचं, या दोनांत आधी कोणतं? हात मोजायचे, जिंकलेल्या कामाचं नाव चौकटीत लिहायचं. अशा दहा जोड्या झाल्या, की जे जास्त वेळा जिंकलं ते काम पहिलं. पाचही कामं एकदम विचारली तर ज्याचा आवाज मोठा त्याचंच खरं होतं. दोनांतून एक मात्र लाजरं माणूसही निवडतं. पहिल्या पंधरा ऑगस्टला पाण्याची टाकी सगळ्या जोड्या जिंकली आणि बांधलीही गेली. तालुक्याचे साहेब माझा फोटो काढून गेले. खोटं कशाला बोलू, तेव्हा मी फुगलो होतो.

पुढच्या खेपेला सरपंच बद्रीनाथरावांनी ही निवड सव्वीस जानेवारीच्या सभेत घेतली. तेव्हा अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं. पण हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही! सभामंडप पहिला आला. आईबाप उसाला गेल्यावर पोरांनी गावात राहून शिकावं म्हणून मागितलेलं वसतिगृह चारही जोड्या हरलं.

एप्रिलात भिवराबाई ऊसतोडीहून परतल्या. घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून सातवीतल्या नातीलाही त्यांनी सोबत नेलं होतं. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मॅडम, वसतिगृहापुढं काय लिवलंय?"

"शून्य, मावशी."

"मग काय हुईल? हात वर करणारे आमी उसात गेलतो. नात माझी लई हुशार हाय, अन् फडात मोळ्या वाहती."

"ठराव वर तालुक्याला गेला, मावशी," सरपंच म्हणाले. "आता पुढच्या सव्वीस जानेवारीला बघू."

"तवाबी आमी उसातच की!"

सरपंच तसा माणूस वाईट नाही, पण त्यांना हे खरंच सुचलं नव्हतं. माझ्या कोपऱ्यात पुढच्या सभेची तारीख होती. भिवराबाईंनी ती पदरानं पुसली. "लिवा मॅडम, पंधरा ऑगस्ट."

यंदा पंधरा ऑगस्टला बसायला जागा पुरली नाही. वसतिगृह चारही जोड्या जिंकलं. शेवटच्या जोडीला सरपंचांचाही हात वर होता. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारा ट्रॅक्टर गावाबाहेर पडला, तेव्हा भिवराबाईंशेजारी नात नव्हती. वसतिगृहासाठी तूर्त उघडलेल्या शाळेच्या खोलीत ती आठवीचा अभ्यास करत होती.

मी आता पार झिजलोय, मित्रांनो. खडू उमटत नाही, पाऊस झाला की अंग फुगतं. मला रंग द्या असं मी म्हणणार नाही. मला पुसा, हवं तर मोडीत काढा. फक्त दोनांतून एक निवडायला सांगण्याआधी समोर कोण बसलेलं नाही, तेवढं बघा. आलेल्यांचे हात मी इमानानं मोजले, पण न आलेल्यांसाठी माझ्यावर कुणी चौकट आखलीच नव्हती.