पहिला परिच्छेद

आमचे भाऊजी कोच आहेत. खेळाचे नव्हेत, आयुष्याचे. धंद्यात बुडालेल्यांना, घरात न पटणाऱ्यांना हे गृहस्थ जगायला शिकवतात आणि त्यांची प्रपोजलं लिहिते मी, त्यांची मेहुणी. लोक म्हणतात, भाऊजींच्या बोलण्यात जादू आहे. डोंबलाची जादू!

जादू असते पहिल्या परिच्छेदात. पहिल्या भेटीत क्लायंट जे रडगाणं गातो ते भाऊजी टिपून आणतात, आणि मी त्याचेच शब्द जसेच्या तसे वर लिहिते. 'मी घरात शिरलो की सगळे गप्प होतात,' असं एक बेकरीवाला क्लायंट म्हणाला होता. त्याच वाक्याने सुरुवात केली. गडी वाचून डोळे पुसतो काय, लगेच सही करतो काय!

गेल्या महिन्यात ताई यांना कंटाळून माझ्याकडे आली. काल भाऊजी उगवले, तेही लॅपटॉप घेऊन.

"तिच्यासाठी एक प्रपोजल लिही," सोफ्यावर ऐसपैस बसत म्हणाले. "वाचून परत यावी असं. जरा दमदार."

बायकोला प्रपोजल! आतल्या खोलीत ताई सगळं ऐकत होती. सकाळीच तिने बॅग भरली होती. 'एकदा नीट बोलला ना, तरी जाईन गं,' म्हणाली होती. मला तिचा संतापच आला होता.

"लिहिते की," मी म्हटलं. "पहिला परिच्छेद सांगा. ताईची तक्रार काय होती? तिच्या शब्दांत."

भाऊजींनी छताकडे पाहिलं, मग मोबाइलकडे. बेकरीवाल्याचं दुःख यांना तोंडपाठ!

"बरंच काही बोलायची. चिडायची. बायका बोलतातच गं."

"एक वाक्य, भाऊजी. एकच आठवा." ताईसाठी मी अक्षरशः विनवत होते.

"अगं, ती तुझ्याकडेच आहे ना? तूच विचार आणि टाक. मला क्लायंटकडे पोचायचंय."

आतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. मग कपाटाचा.

"बघ, निघाली," भाऊजी खुशीत म्हणाले.

ताई बॅग घेऊन बाहेर आली. हे लगबगीने उठले, बॅग घ्यायला हात पुढे केला. तिने ती माझ्याकडे दिली. हलकी होती, रिकामी.

"माळ्यावर टाक गं," ताई म्हणाली. "आता लागायची नाही."